मोटर सोडवायचा दिवस

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, जळालेल्या मोटरींची तार नव्याने भरून देण्याचा धंदा करणारी, पतीच्या पश्चात वर्कशॉपची एकटी मालकीण, लिहून ठेवते की, मी पूर्ण शुद्धीवर आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने करीत नाही. मी शांत मात्र नाही. मन थाऱ्यावर नसताना केलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "ताई, कायद्याला तुम्ही शुद्धीवर असलेलं लागतं. शांत असलेलं लागत नाही."

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. हे त्यांनी माझ्याकडे न बघता, कागद चाळत सांगितले, म्हणून मी हे लिहायला घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. वर्कशॉपच्या वरच्या ज्या दोन खोल्यांत मी राहते त्या, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळाव्यात. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि या खोल्या तो भाड्याने देणार हे मला दिसतेच आहे. खुशाल द्याव्यात. फक्त जिन्याची वरून दुसरी पायरी भाडेकरू येण्याआधी दुरुस्त करावी. लहानपणी तिच्यावरूनच पडून त्याची हनुवटी फुटली होती, तेव्हा पायरी कोणती हे त्याला वेगळे सांगायला नको. खिडकीतल्या कुंड्या भाडेकरूच्या भरवशावर सोडू नयेत.

२. बँकेत जे आहे त्यातून आधी रुग्णालयाचे देणे भागवावे. मग चिमटीच्या परीक्षेची फी भरावी आणि ती मुदतीच्या आत भरावी. राहील ते मुलाचे. आकडा इथे लिहीत नाही, कारण तो वाचून कोणी हरखून जाईल असे नाही.

३. चिमटी म्हणजे माझी शिकाऊ उमेदवार. हाडापेराने इतकी बारीक की पहिल्या दिवशी मला वाटले, मोठ्या पंपाचे झाकण उघडले तर ही आतच पडायची. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात काजे करते आणि मुलीने कारखान्याच्या दारात पाऊल ठेवू नये म्हणून तिला माझ्याकडे घेऊन आली. पोरीच्या बोटांना घाई नाही. अरुंद खाचेत तारेचा वेढा बसवताना ती श्वास धरून ठेवते आणि बसला की असा सोडते की शेजारी बसलेल्यालाही सुटल्यासारखे वाटते.

तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. उमेदवारीचा नियम असा की, नोंदणी झालेल्या वर्कशॉपमध्ये स्वतः परीक्षा पास झालेला माणूस शिकवायला हजर पाहिजे. तो महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहिला, किंवा वर्कशॉप बंद पडले, तर झालेली उमेदवारी धरत नाहीत. दुसरीकडे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे? या भागात एकेकाळी गल्लीआड वाइंडिंगचे दुकान होते. एकाने नव्या पंपांची एजन्सी घेतली, एक मोबाइलच्या काचा बदलतो, एकाने शटर ओढले ते ओढलेच. नोंदणी टिकवलेले शेवटचे दुकान माझे. चिमटीची परीक्षा हिवाळा संपताना आहे. गुरुवारी मी त्या टेबलावरून उठले नाही, तर पोरीने इथे घालवलेली वर्षे पाण्यात गेली. मला काळजी आहे ती झडपेची नव्हे, याची.

४. वर्कशॉपची जागाही मुलाला मिळावी, पण अटीवर. अटीमागचे कारण सांगितल्याशिवाय अट समजणार नाही, म्हणून सांगते. वकीलबाईंनी इथे पेन खाली ठेवले आहे. त्यांनी ते उचलावे.

आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे, तो माझ्या पतीने पाडला. शिकाऊने भरलेली पहिली मोटर गिऱ्हाइकाला द्यायची नाही. ती दुकानातच बसवायची: ग्राइंडरला, ड्रिलला, पंपाला किंवा भिंतीतल्या पंख्याला. आपण भरलेल्या मोटरीवर आपणच काम करायचे. तार ढिली राहिली तर त्रास आपल्यालाच. परीक्षा पास झाले की त्या दिवशी शिकाऊने स्वतः पान्हा घेऊन बोल्ट काढायचे आणि मोटर घरी न्यायची. एकाने ती विहिरीवर लावली, एकाने त्याच संध्याकाळी विकून बूट घेतले. त्याचीही ना नव्हती. रिकामी झालेली जागा पुढच्या शिकाऊची.

सध्या भिंतीतल्या पंख्याला चिमटीची मोटर आहे. ड्रिलला आणि पंपाला, सांगायला लाज वाटते, बाजारातून तयार आणलेल्या आहेत. आणि ग्राइंडरला माझ्या मुलाची आहे. तो बापाच्या हाताखाली शिकला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. निकालाच्या दिवशी बापाने त्याच्यापुढे पान्हा धरला, तेव्हा हा म्हणाला, "राहू दे तिथंच, चालतेय ना!" आणि दुसऱ्या दिवसापासून माणसे पुरवणाऱ्या एका कंपनीत टेबलावर बसायला गेला. बापाने पान्हा परत खुंटीला लावला. तो दर आठवड्याला त्या मोटरीला तेल देत राहिला. त्याच्यामागे मी देते. ती आजतागायत जळलेली नाही. हे मी मुलाला कधी सांगितलेले नाही आणि कौतुक म्हणून आताही सांगत नाही.

आज मुलाची स्वतःची एजन्सी आहे. रिंगरोडवर पार्सलचे जे भलेमोठे गोदाम झाले, त्याला तो माणसे पुरवतो: खोकी उचलायला, खोकी भरायला, खोक्यांवर चिकटपट्टी मारायला. सणसणीत ऊन असो की थंडी, बस भरून पोरे जातात. काम तीन महिन्यांचे, मग पुढची बस. मागच्या महिन्यात तो इथे आला होता तेव्हा चिमटीशी कोपऱ्यात काही बोलत उभा होता, आणि मी जवळ गेल्यावर दोघे गप्प झाले. मला त्यातले 'गोदाम' एवढेच ऐकू आले. एवढे पुरे होते. त्याच गोदामवाल्यांना रस्त्यावरचे एक लहान केंद्र हवे आहे आणि माझे दुकान रस्त्यावरच आहे.

म्हणून अटी अशा:

(अ) चिमटीची परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत वर्कशॉप विकू नये, भाड्याने देऊ नये, बंद ठेवू नये.

(आ) तोपर्यंत मुलाने, परीक्षा पास झालेला माणूस या नात्याने, वर्कशॉपमध्ये स्वतः बसावे.

(इ) बसावे म्हणजे फोनवर बोलत बसावे असे नव्हे.

(ई) चिमटीला खोकी भरायला नेऊ नये. निकालानंतर तिला जायचे असेल तर तिची मर्जी, पण नेऊ नये.

(उ) यातली एकही अट मोडल्यास जागा माझ्या मोठ्या जाऊबाईंना जावी. त्या ती माझ्या मुलाला बाजारभावानेसुद्धा विकणार नाहीत, याची मला पक्की खात्री आहे.

५. हत्यारे. तार गुंडाळायचे हाताचे मशीन, वेढ्यांचे लाकडी साचे, मेगर म्हणजे गळती तपासायचे यंत्र, आणि माझा बांबूचा चपटा दाबा, ज्याने वेढे खाचेत बसवतात, हे सगळे चिमटीचे. तिने हा धंदा पुढे केला नाही तरी तिचेच. टेबलाचा लोखंडी व्हाइस, म्हणजे शिकंजा, शेजारच्या किल्लीवाल्यांना देण्याचे मनात होते. परंतु ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा व्हाइस त्यांनी आजच उचलून न्यावा. जड आहे, कंबर सांभाळावी.

६. वर उल्लेखलेल्या जाऊबाईंना, हात धुवायच्या पिवळ्या साबणाचा न उघडलेला डबा. पती गेल्यावर मी दुकान उघडले तेव्हा चार बायकांत त्या म्हणाल्या होत्या, "बाईच्या नखांत ग्रीस शोभत नाही." या डब्याने माझी नखे इतकी वर्षे स्वच्छ ठेवली. त्यांनी वापरून बघावा.

७. जे प्रशिक्षण केंद्र बाजारापलीकडे निघाले आहे, त्याच्या प्रमुखांना, माझी मधोमध कापलेली दाखवायची मोटर. हे गृहस्थ एकदा वीस-पंचवीस पोरे घेऊन आले, माझ्या हातात मोटर देऊन फोटो काढला, तो त्यांच्या पत्रकावर छापला आणि मग एकही पोर माझ्याकडे फिरकले नाही. राग आला होता. अजून आहे. तरी त्यांच्याकडे मोटर भिंतीवरच्या पडद्यावर शिकवतात असे ऐकते, म्हणून देते. मात्र काचेच्या कपाटात ठेवू नये. पोरांना आत बोटे घालू द्यावीत.

याच जागी आणखी एक गोष्ट नोंदवते, ज्याचा वाटणीशी काही संबंध नाही. रोजगार समितीच्या सभेला मला एकदा बोलावले होते. एका तरुण अधिकाऱ्याने या भागातल्या कामधंद्यांचा आलेख दाखवला. गोदाम, डिलिव्हरी, सौर पंप बसवणे यांच्या रेषा वर चढत होत्या आणि वाइंडिंगची घसरत होती. मी उठून तावातावाने म्हणाले की, माझ्या दुकानात आत्ता पाय ठेवायला जागा नाही इतक्या मोटरी पडल्या आहेत. तो नम्रपणे म्हणाला, "काकू, दुरुस्तीला किती येतात हे आम्ही मोजलं नाही. शिकायला किती येतात ते मोजलं." मी खाली बसले. त्याचे बरोबर होते, आणि तेच मला आजवर खुपते आहे. तेव्हापासून चिमटी खाली मान घालून वेढे बसवत असली की मला धास्ती वाटते, आपण या पोरीला बंद पडणाऱ्या धंद्यात तर गुंतवत नाही ना? गोदामाची बस निदान रोज येते.

८. दुकानात पडलेल्या मोटरींपैकी ज्या भरून झाल्या आहेत त्या ज्याच्या त्याला द्याव्यात. बेकरीवाल्याची मोटर दुकानातल्या ओव्हनमध्ये वार्निश वाळायला ठेवली आहे. तो घाई करील. त्याला देऊ नये. ओले वार्निश घेऊन गेला तर पुन्हा जाळून आणील आणि माझे नाव घेईल. लाँड्रीवालीची मोटर अजून उघडलेली नाही. तिला तसे खरे सांगावे. मी तिला "होतच आली" म्हणून सांगत आले आहे.

येथवर पहिल्या बैठकीत लिहून झाले आणि माझ्या मते कुठेही फट राहिली नव्हती. मग वकीलबाईंनी चष्मा काढला.

"ताई, एक विचारू? हे सगळं तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"त्यासाठीच तर करतेय."

"आणि नाही गेलात तर? शस्त्रक्रिया झाली, तुम्ही वाचलात, पण दोन-चार महिने अंथरुणावर असलात तर? तेव्हा हा कागद नुसता कागद. मुलाला कसलीच अट लागू नाही, आणि तुम्ही महिन्याहून जास्त गैरहजर."

मरणाची सगळी व्यवस्था मी लावली होती. जगण्याची राहिली होती. डॉक्टरांनी तीन महिने जिना चढायचा नाही, जड उचलायचे नाही असे सांगितलेले मला पाठ होते, आणि तरी हे माझ्या डोक्यात आले नव्हते. म्हणजे मी मेले तर चिमटीची परीक्षा होणार आणि बरी झाले तर बुडणार! पुढचे दोन दिवस मी यावर कलम शोधत राहिले. यावर कलम नव्हते. यावर एकच उपाय होता, आणि तो म्हणजे मुलाला फोन करून मागणे. मी त्याच्याकडे आजवर काही मागितलेले नाही.

मी फोन केला. काय बोलले ते मला नीट आठवत नाही.

तो दुपारी आला. खालची हकीकत मी वकीलबाईंना शब्दाला शब्द सांगते आहे, कारण पुढची कलमे तिच्यावर उभी आहेत.

"आई, फोनवर एवढं काय म्हणत होतीस? गेले तर असं, राहिले तर तसं… मला काही म्हणजे काही कळलं नाही. डॉक्टर काही बोलले का?"

"बस आधी."

तो बसला नाही. चिमटी ग्राइंडरवर छिन्नीला धार लावत होती. तो बोलता बोलता थांबला. मान एका बाजूला केली. मग चकचकीत बुटांनी तारेचे तुकडे तुडवत तिच्यापर्यंत गेला.

"बंद कर जरा."

तिने बंद केले. त्याने ग्राइंडरच्या मोटरीवर हात ठेवला. उलटा हात. बोटांची मागची बाजू.

वकीलबाईंना हे समजवावे लागले, म्हणून लिहिते. मोटरीच्या अंगात वीज उतरली असेल तर तळहात तिला पकडून बसतो, सुटत नाही. उलटा हात मात्र झटक्याने बाजूला पडतो. माझे पती पहिल्या दिवशी, हातात पेचकस देण्याच्याही आधी, हेच शिकवत. माणसे पुरवणाऱ्या टेबलावर याची गरज पडत नाही. इतक्या वर्षांत तो हात सुलटा व्हायला हवा होता. झालेला नाही.

"पुढचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "कधीपासून वाजतंय हे?"

"बरेच दिवस झाले," चिमटी म्हणाली. "पण काकू म्हणाल्या, या मोटरीला हात लावायचा नाही."

"का?"

चिमटीने माझ्याकडे पाहिले. मी वार्निशच्या डब्याचे झाकण लावत होते. ते आधीच लागलेले होते.

"तुमची आहे म्हणून," ती म्हणाली.

"ही? अजून?"

त्याने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले, कारण बापाने तेही शिकवले होते. "बेअरिंग आहे का दुकानात?" असे त्याने विचारले, आणि मी उत्तर द्यायच्या आत चिमटी ते घेऊन आली. मी त्याच वेळी मागून घेतले. तो वाकलेला असताना सोपे गेले.

"तीन-चार महिने. हिची परीक्षा होईपर्यंत. मी असो, नसो, अंथरुणावर असो. इथं बसशील?"

"रोज दिवसभर नाही जमणार, आई."

मी वार्निशचा डबा उचलून फळीवर ठेवला.

"म्हणजे तिथून नाही जमणार," तो म्हणाला. "माझं टेबल इथंच आणतो. पोरं फॉर्म भरायला इथं येतील. फोन मात्र सतत चालू राहणार हं."

"राहू दे. पण तिला खोकी भरायला…"

"कुणी सांगितलं खोकी?" तो सरळ उभा राहिला. "गोदामात खोकी वाहणाऱ्या पट्ट्यांना ढीगभर मोटरी आहेत. एक जळली की परगावाहून माणूस येईपर्यंत अख्खी पाळी हात चोळत बसते. मी हिला त्या कामाचं विचारलं होतं. पण परीक्षेच्या कागदाशिवाय घेणार नाहीत. हिनं सांगितलं नाही तुला?"

"सांगायला गेले होते," चिमटी म्हणाली. "गोदाम म्हटल्याबरोबर काकूंनी ड्रिल चालू केलं."

हे खरे आहे. वकीलबाई हसल्या ते लिहू नये.

ती जागा किती दिवस राखून ठेवतील असे मी विचारले. तो म्हणाला, सांगता येत नाही, वरचे लोक रोज बदलतात. त्याने खोटा धीर दिला नाही. त्यामुळे माझी एक काळजी जाऊन दुसरी आली, पण ही दुसरी निदान तिघांत वाटलेली आहे.

त्यास अनुसरून या मृत्युपत्रात पुढील बदल करते:

कलम ४ मधील अटी (अ) ते (उ) सर्व रद्द. वर्कशॉप मुलाला बिनशर्त मिळावे. जाऊबाईंना फक्त साबण.

ग्राइंडरची मोटर, नवीन बेअरिंगसह, मुलाची आहे. होतीच. चिमटीचा निकाल लागेल त्या दिवशी तिने पंख्याची आणि त्याने ग्राइंडरची मोटर सोडवावी. पान्हा आधी तिने वापरावा. बोल्ट गंजले असतील, जोर करून तोडू नयेत. आदल्या दिवशी त्यावर तेल सोडून ठेवावे. तिला पुढे गोदामात जायचे असो की आणखी कुठे, मोटर तिने न्यावी. विकली तरी चालेल.

मला भीती वाटते. हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, पण खोटे लिहायचे नाही असे वकीलबाईंशी सुरुवातीलाच ठरले आहे. भुलीची वाटत नाही, टेबलाचीही नाही. तो दिवस बघायला आपण नसू याची वाटते.

त्या दिवशी मी असले, तर हा कागद कपाटात राहील. नसले, तर भिंतीतल्या पंख्याची आणि ग्राइंडरची जागा रिकामी झालेली असेल. त्यातल्या एकीवर तरी त्या दोघांनी पुढच्या शिकाऊची मोटर बसवावी. ही अट नाही. अट न घातल्यामुळे मला आज रात्री झोप लागणार नाही, तरी घालीत नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि सही केली.

सही: मोटरकाकू

साक्षीदार पहिला: शेजारचा किल्लीवाला. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. व्हाइस मी आज नेणार नाही, गुरुवारनंतर त्यांच्या हातून घेईन, हेही साक्षीत धरावे.

साक्षीदार दुसरी: वकीलबाईंची टंकलेखिका. सही माझ्यासमोर झाली. सहीवर ग्रीसचा डाग पडला आहे, पण अक्षर वाचता येते.

ठिकाण: वर्कशॉपची पुढची खोली. ग्राइंडर चालू, आवाज नाही.

दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, बुधवार, दुपार.